मार्थाबाईच्या जुडीतला बारावा

"सेव्हन्टी-वन," मी म्हटलं.

"पुन्हा मोज," मडम म्हणाल्या. त्यांनी मानही वर केली नाही.

मी पुन्हा मोजले. पुन्हा सेव्हन्टी-वन. भिंतीवरच्या पाटीवर माझ्याच अक्षरात बहात्तरचा आकडा लिहिलेला होता, आणि समोर टेबलावर चंपाक्काचं पोट अजून उघडं होतं.

नर्सिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला जाळीच्या कापडाच्या छोट्या घड्या लागतात. त्यांना स्वाब म्हणायचं. स्वाब रक्तात भिजला की आतडं कुठलं आणि कापड कुठलं हे नजरेला कळत नाही. असा एखादा आत राहिला आणि वरून टाके पडले, तर आठ दिवसांत पोटात पू होतो. त्या काळात पू झालेला माणूस सहसा उठत नसे. म्हणून जितके आत गेले तितके बाहेर आले का, हे टाके घालण्याआधी मोजायचं. हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं काम. नवी पोरगीसुद्धा हे पहिल्या महिन्यात शिकते. मला तर नऊ वर्षं झाली होती.

लढाईचे दिवस होते. आमचा मिशनचा दवाखाना बेळगाव-निपाणी रस्त्यावर, वीस खाटांचा. तीन नर्सपैकी दोघी फौजी इस्पितळात गेल्या. मागे राहिले मी, एस्तेर. एक मोठ्या डॉक्टर मडम, एक कंपाउंडर, दोन आया आणि मी. वीस खाटांवर तीस माणसं आणि व्हरांड्यात आणखी आठ.

त्या वर्षी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उगाच मोठेपणा सांगत नाही, खरंच नव्हता. औषधाच्या कपाटाला कुलूप लावून यायची, दहा पावलं जायची, परत येऊन कुलूप ओढून बघायची. मग पुन्हा एकदा. सकाळी चहा, दुपारी चहा, आणि जेवायला बसले की कोणीतरी हाक मारायचं. भाकरी ताटात वाळून कडक व्हायची आणि मी वॉर्डात. रविवारी उपासनेला बसले तरी एक कान बाहेर. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोक्यात वॉर्ड फिरायचा. "हे प्रभू" म्हणायची आणि पुढचं वाक्य यायचं, "फरशी पुसायचं कार्बोलिक संपलंय."

माझी ही तऱ्हा सलोमीबाईंनी पहिल्यांदा पकडली. सलोमीबाई आमच्या मिशनच्या बायबलबाई. म्हणजे गावोगाव पायी हिंडायचं आणि बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. वय साठीच्या पुढे, विधवा, बोलायला खमक्या. एकदा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"हे काय गं? थरथरतोय."

"थकलेय जरा."

"जरा न्हाय, लई थकलीयास. दुपारी बसून भाकरी खा. अर्धा तास पाठ टेक. आणि शनवारी माझ्यासंगं घड्या घालाय बस."

"सलोमीबाई, मला वेळ कुठाय?"

"मेल्यावर गावंल की येळ," त्या म्हणाल्या.

घड्या म्हणजे याच स्वाबच्या. बाजारात गॉज, म्हणजे ते जाळीचं कापड, मिळेनासं झालं होतं. मडमनी जुन्या मच्छरदाण्या, मलमलीची धोतरं गोळा करून उकळवली होती. शनिवारी दुपारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घालत. बारा घड्या झाल्या की दोऱ्यानं बांधून एक जुडी. त्या जुड्या मग पत्र्याच्या ड्रममध्ये भरून वाफेवर शुद्ध करायच्या.

भाकरी आणि पाठ टेकणं मी कानाआड केलं. घड्यांना मात्र गेले. तिथं सलोमीबाईंनी मला एक गोष्ट शिकवली. म्हणाल्या, एक-दोन-तीन मोजू नकोस. एका घडीला प्रभूच्या एका शिष्याचं नाव घे. पेत्र म्हणायचं, त्याच्यासारखंच मला आज सांभाळ म्हणायचं, आणि घडी खाली ठेवायची. मग आंद्रिया. मग याकोब. बारा नावं झाली की दोरा.

मला आधी हसू आलं. पण खोटं कशाला सांगू, गुण आला. हात चालायचा, ओठ चालायचे, आणि डोक्यातला वॉर्ड हळूहळू गप्प व्हायचा. दुसऱ्या शनिवारी तर मी तिथंच खांबाला टेकून झोपले. बायकांनी मला उठवलं नाही. कितीतरी दिवसांनी मी अशी झोपले होते.

मग मी शहाणपणा केला. सगळ्याच बायकांना म्हटलं, नावं घेऊनच घड्या घाला. निम्म्या बायका मोजताना दहाच्या पुढे अडखळायच्याच, नावं मात्र सगळ्यांना तोंडपाठ. दोन आठवडे मी प्रत्येक जुडी उघडून तपासली. बरोबर बारा. एकही कमी नाही, जास्त नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तपासणं सोडलं. मनात म्हटलं, प्रार्थनेत चूक कशी होईल?

खरा नियम असा होता की ऑपरेशनच्या आधी जुडी सोडायची आणि दोघींनी मोठ्यानं एकेक स्वाब मोजायचा. पण दुसरी नर्स होतीच कुठं? मी जुड्या मोजायला लागले. सहा जुड्या, बारा सक बहात्तर. लिहिलं पाटीवर. चार मिनिटं वाचली. ती चार मिनिटं मी कपाटाचं कुलूप ओढून बघण्यात घालवत असणार.

आता चंपाक्काचं सांगते. चिकोडीकडच्या एका खेड्यातली जैन शेतकऱ्याची सून. वय चोविसाच्या आसपास, दोन लहान मुलं घरी. पोट वाढत गेलं तेव्हा सगळ्यांना वाटलं तिसरं आहे. दहावा महिना उलटला तेव्हा सासऱ्यानं गाडीत घालून आणली. मडमनी तपासलं आणि म्हणाल्या, पोर नाही, अंडाशयावर गाठ आहे. पाण्याच्या घागरीएवढी. काढली नाही तर ही जगणार नाही.

सासरे म्हणजे नेमगोंडा आप्पा. उंच, सावळे, कानडी आणि मराठी दोन्ही एकाच दमात बोलणारे. कागदावर अंगठा उठवताना मला म्हणाले, "बाई, दोन लेकरं हाईत तिला. माझं पोरगं लई साधं हाय. ती गेली तर त्ये घर ऱ्हात न्हाई." मग म्हणाले, "आनि एक सांगू काय? मी चार दिवस बघतोय. तुमी येळंला जेवत न्हाईसा." ते आणि त्यांची म्हातारी झाडाखाली चूल मांडून दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचे, कितीही घोर असला तरी. मी म्हटलं, जेवते की आप्पा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं.

ऑपरेशन सकाळी दहाला सुरू झालं. मडम टेबलाच्या एका बाजूला, मी हातमोजे घालून दुसऱ्या. डोक्याशी कंपाउंडर, तिच्या नाकावरच्या जाळीच्या टोपीवर भुलीच्या ईथरचे थेंब टाकत. कोपऱ्यात मार्थाबाई, आमची नवी आया. वापरलेले स्वाब मी खाली तसराळ्यात टाकायचे आणि तिनं ते जमिनीवरच्या रबरी कापडावर मांडायचे, एवढं तिचं काम. मार्थाबाई महिन्यापूर्वीच आली होती, मी जुड्या तपासणं सोडल्यानंतर, आणि शनिवारी घड्यांनाही बसायची. त्याआधी वीस वर्षं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत. खोकला जडला म्हणून वखार सुटली. बोलायला कमी. कामाला वाघीण.

गाठ निघाली. अख्खी, न फुटता. मडम खूश होत्या, क्वचित दिसायचं ते. "काउंट," म्हणाल्या. टाक्यांआधीची शेवटची मोजणी.

आणि एक कमी.

आमची मोजणी इंग्रजीत चालायची. मडमना तीच सवय. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा माझा आवाज बदलला असणार, कारण कंपाउंडरनं वर बघितलं. मडमनी हात पुन्हा पोटात घातला. यकृताच्या खाली, आतड्यांच्या मागे, खाली ओटीपोटात. सगळं चाचपलं. काही नाही. पुन्हा घातला.

"एस्तेर, टेबलाखाली बघ. चादरीच्या घड्यांत बघ. माझ्या चपलेला चिकटलाय का बघ."

बघितलं. तसराळं उपडं केलं. गाठ ठेवलेली बादली ढवळली. काही नाही.

"मडम, नाडी उतरायला लागलीय," कंपाउंडर म्हणाला. "फार वेळ नाही देता येणार."

आता काय करायचं ते नीट सांगते, म्हणजे आमची अडचण कळेल. शोधत राहावं तर ईथरखाली बाई हातची जाईल. पोट शिवावं तर आत कापड ठेवून शिवल्यासारखं. दोन्हीकडून तीच जाणार. दोन्हीकडून कारण मी.

अशा वेळी मला काय आठवावं, तर सकाळपासून मी फक्त चहा प्यायलेय हे. मनात म्हटलं, देवा, आता तूच. पण देवाला नेमकं काय करायला सांगावं तेही सुचेना.

"एस्तेर," मडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "शेवटचं एकदा. सावकाश."

मी हातमोजे काढले. रबरी कापडापाशी गुडघे टेकले. आकडा जिभेवर येईना. सिक्स म्हटलं की सेव्हन म्हटलं हेच विसरत होते. मग सलोमीबाई आठवल्या. मी एक लांब श्वास घेतला आणि स्वाब बाराबाराच्या ओळीत मांडायला लागले. तोंडानं नावं, शनिवारसारखी. पेत्र. आंद्रिया. याकोब. योहान. चौथ्या ओळीला मला माझा श्वास ऐकू यायला लागला. पाचवी झाली. सहावी. तद्दय. शिमोन.

"यहूदा," मी म्हटलं, आणि हाताला काही लागलं नाही.

"त्यो न्हाय मिळायचा, बाई."

मागून आवाज आला. मार्थाबाई. भिंतीला टेकून, हात पदराखाली.

"काय?"

"यहूदा वं. त्यो माझ्या जुडीत नसतोय."

मी तशीच गुडघ्यांवर वळले. "म्हणजे?"

"म्हंजे मी त्येचं नाव न्हाय घेत. आनि नाव न्हाय तर घडी न्हाय." ती शांतपणे सांगत होती, मी विचारलं नाही म्हणून आजवर सांगितलं नव्हतं इतकंच. "ज्यानं पैक्यापायी आपला प्रभूच इकला, त्याच्या नावाची घडी मी बाईमाणसाच्या प्वाटात घालू?"

"काय म्हणतेय ती?" मडम टेबलावरून म्हणाल्या. त्यांना मराठी चांगलं यायचं, पण असलं मराठी नाही. आणि असला हिशोब तर त्यांनी जन्मात ऐकला नसेल.

मी सांगितलं. कंपाउंडरनं ईथरचा आणखी एक थेंब टोपीवर टाकला.

"मला तिची गोष्ट नको," मडम म्हणाल्या. "पुरावा दे."

पुरावा कसा द्यायचा? वापरलेल्या स्वाबवर कोणाचं नाव असतं? मी मार्थाबाईला विचारलं, "तुमची जुडी वेगळी ओळखू येते का?"

"येती की. मी गाठ मारत न्हाय. तंबाखूच्या पेंढीला देतो तसा पीळ देती आनि शेपूट आत खुपसती. वढलं की सुटतंय."

जुड्यांचे दोरे मी सकाळी सोडून एका ताटलीत टाकले होते. ताटली खिडकीत होती. उठून बघितलं. पाच दोरे कात्रीनं कापलेले, गाठ अजून तशीच. आणि एक दोरा लांब, सबंध, गाठ नसलेला. मला आठवलं, सकाळी एक जुडी नुसती ओढल्यावर सुटली होती आणि मला तेवढंच बरं वाटलं होतं.

मग ड्रम उघडला. आत नऊ जुड्या. त्यात दोन पीळ दिलेल्या. मडमच्या नजरेसमोर त्या दोन सोडल्या आणि इंग्रजीत, एकेक करून, मोठ्यानं मोजल्या. इलेव्हन. इलेव्हन. मग गाठीची एक सोडली. ट्वेल्व्ह.

मडमनी एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. पोटात शेवटचा एक हात फिरवला.

"शिवते," म्हणाल्या.

वीस मिनिटांत टाके झाले. नाडी सावरली. चंपाक्काला खाटेवर नेलं. मी बाहेर आले तर झाडाखाली नेमगोंडा आप्पा उभे. मला बघून त्यांनी हात जोडले. मला त्यांचे ते हात बघवेनात.

दुपारी मडमनी खोलीत बोलावलं. मी जाऊन उभी राहिले आणि विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. तपासणं कधी सोडलं, का सोडलं, पाटीवरचा आकडा गुणाकाराचा होता, मोजणीचा नव्हता. वाटलं, आता घरी पाठवणार. पाठवायलाच हवं होतं.

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"शेवटचं पोटभर कधी जेवलीस?"

मी आठवायला लागले. आठवेना. त्याचंच मला एकदम रडू आलं, स्वाबचं नाही. उभ्या उभ्या रडले, लहान पोरीसारखी.

"उद्यापासून साडेबाराला मी तुझ्यासमोर बसून जेवणार," मडम म्हणाल्या. "तू जेवलीस की मी उठणार. मला भूक लवकर लागते, तेव्हा उशीर करू नकोस. आणि मोजणी कंपाउंडरबरोबर करायची. दोघांनी, मोठ्यानं."

"आणि मार्थाबाई?"

"ती खोटं बोलली नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं." मग त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "पण त्या बाराव्या माणसाचं काहीतरी कर."

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. चौथ्या दिवशी चंपाक्काला ताप चढला, एकशे दोन. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुरावा बघितला होता, हातानं मोजलं होतं, तरी मन म्हणे, मार्थाबाईनं एखाद्या दिवशी चुकून बाराच घातल्या असतील तर? ती एकच जुडी बाराची असेल तर? दर तासाला मी तिच्या पोटावर हात ठेवून बघायची, फुगलंय का, कडक झालंय का. पुन्हा ते कुलूप ओढणंच, फक्त आता माणसाच्या पोटावर. शेवटी चंपाक्काच कंटाळून म्हणाली, "बाई, सारखं चाचपू नगासा. दुखतंय."

सलोमीबाई त्या दिवशी दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी मला बाकावर बसवलं. माझ्याकडून काही वदवून घेतलं नाही, उपदेशही केला नाही. पदरातून आणलेली भाकरी आणि ठेचा पुढे केला, आणि मी खात असताना माझ्या वाट्याची प्रार्थना त्यांनीच केली. मोजून चार वाक्यं. मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं की आपली प्रार्थना दुसऱ्याला करू देता येते.

पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी हुडहुडी भरून पुन्हा आला. मडमनी बोटातलं रक्त काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि मला हाक मारली. "मलेरिया," म्हणाल्या. मलेरियाचं नाव ऐकून इतका आनंद झालेली नर्स त्यांनी दुसरी पाहिली नसेल. क्विनाइन दिलं. तीन दिवसांत ताप गेला. पोट लोण्यासारखं मऊ.

पंधराव्या दिवशी चंपाक्का स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. मला आप्पांना सांगितल्याशिवाय राहवेना. म्हटलं, आप्पा, त्या दिवशी थोडा वेळ आम्हाला वाटलं होतं की आत कापड राहिलं. चूक माझी होती.

त्यांनी ऐकून घेतलं. "मग मोजलासा न्हवं?"

"मोजलं."

"आनि आता जेवतासा?"

"जेवते."

"मग झालं," म्हणाले, आणि बैल हाकले.

बाराव्या माणसाचं मी पुढच्या शनिवारी केलं. मार्थाबाईला ओट्यावर बसवून सांगितलं की यहूदा गेल्यावर उरलेल्या अकरांनी त्याची जागा रिकामी ठेवली नव्हती. चिठ्ठ्या टाकून मत्थिया नावाचा माणूस नेमला होता. मार्थाबाईनं सलोमीबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मार्थाबाईनं जरा विचार केला.

"ह्यो काय वंगाळ वागलेला न्हाय न्हवं?"

"त्याचं वाईट कुठं लिहिलेलं नाही."

"मग चालंल," ती म्हणाली, आणि बारावी घडी घातली.

त्यानंतर मी तेवीस वर्षं ऑपरेशन थेटरमध्ये काढली. जुड्यांवर आजतागायत माझा विश्वास नाही, कोणीही बांधलेल्या असोत. नावं मी अजून घेते. त्यानं माझा जीव शांत होतो, ते खोटं नाही. पण ती मी मोजून झाल्यावर घेते. आणि मोजायच्या आधी भाकरी खाते.